वसूलकाका

वसूलकाकांना चिकट म्हणणारे आमच्या बिल्डिंगमध्ये पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. चिकट माणूस खर्चच टाळतो. काका खर्च करतात, फक्त गेलेला पैसा चोवीस महिन्यांच्या आत घरी परत आला पाहिजे, एवढीच त्यांची अट. अमुक वस्तू पृथ्वी वाचवते असं कुणी सांगितलं की ते चष्मा कपाळावर ढकलतात आणि विचारतात, "वाचवू दे की. पण वसूल कधी?"

त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. पण विरार पश्चिमेच्या आमच्या त्या चार मजली, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये कुरिअरवालासुद्धा खाली उभा राहून "वसूलकाका कुठल्या मजल्यावर?" असंच ओरडतो. काका दुसऱ्या मजल्यावर. अंधेरीच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सला चौतीस वर्षं काढली आणि निवृत्तीच्या वेळी कंपनीने शाल, श्रीफळ आणि स्टोअररूममध्ये पडून असलेल्या सात जुन्या डायऱ्या दिल्या. शाल काकू वापरतात. डायऱ्या काका वापरतात. पहिल्या पानावरचं छापील साल खोडून त्यावर चालू साल लिहायचं, वार जुळत नाहीत तिकडे दुर्लक्ष करायचं. आत रकाने : तारीख, वस्तू, किंमत, महिन्याची बचत, किती महिन्यांत वसूल, आणि शेवटी शेरा. शेरा दोनच प्रकारचा, पास किंवा नापास.

एलईडी बल्ब पहिल्या फटक्यात पास झाले. साठ वॅटच्या जागी नऊ वॅट, त्यातही 'उजाला' योजनेत स्वस्तात मिळालेले. काका त्या पानाकडे आजही शाळेतल्या पहिल्या नंबराच्या प्रगतिपुस्तकाकडे बघावं तसे बघतात. मग आला पंखा. नव्या जातीचा, बीएलडीसी मोटरचा. जुना पंखा पंचाहत्तर वॅट खातो, हा तीसमध्ये भागवतो. किंमत २,८०० रुपये. काकांनी हॉलमधल्या पंख्याचे तास मोजले, दिवसाला चौदा. पंचेचाळीस वॅटची बचत, म्हणजे महिन्याला एकोणीस युनिट. महावितरणच्या बिलातला वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क अशी सगळी पिलावळ धरून युनिटला दहा रुपये. पंधरा महिन्यांत वसूल. पास!

हॉलमध्ये पंखा लागला. आता बेडरूम. बेडरूमचा पंखा फक्त रात्री सात तास चालतो. म्हणजे बचत निम्मी, वसुली तीस महिन्यांनी. नापास. काकूंनी दोन उन्हाळे ती खडखड ऐकली आणि एके दिवशी गादी उचलून हॉलमध्ये आणून टाकली. नवा पंखा वाराही बरा देतो. त्यांच्या मागोमाग उशी घेऊन काका आले. झालं असं, की आता बेडरूमचा पंखा दुपारच्या डुलकीला तेवढा तासभर चालतो आणि त्याची वसुली सतरा वर्षांवर गेली आहे. काका म्हणतात, बघा, तेव्हा घेतला नाही ते किती बरं झालं.

"चोवीसच महिने का? पंचविसाव्याला काय होतं?" असं मी एकदा विचारलं.

"पंचविसाव्याला दाढ काढावी लागते," काका म्हणाले. "नाहीतर भाचीचं लग्न निघतं. नाहीतर वरच्या मजल्याचं पाणी आपल्या छतातून गळतं. आपल्यासारख्यांचा पैसा दोन वर्षांच्या वर एका जागी बसलाय कधी?"

याच्यावर मला आजही उत्तर सापडलेलं नाही. दहा वर्षांत पैसे परत, पंचवीस वर्षांची हमी, असं सांगणारे विक्रेते येतात. त्यांचा हिशेब बरोबर असतो. तो ज्याची दाढ शाबूत आहे त्याच्यासाठी असतो.

काकांचा मुलगा ठाण्याला एका टॉवरमध्ये राहतो. त्या टॉवरला 'ग्रीन बिल्डिंग'चं प्रमाणपत्र आहे आणि तळघरात तीन मजली पार्किंग आहे. सूनबाई हौशी, मनाने चांगली. तिने मोबाइलवर एक अ‍ॅप आणलं, माणूस वर्षाला किती कार्बन सोडतो ते सांगणारं. काकांना समोर बसवून एकेक प्रश्न विचारला.

"बाबा, वर्षातून विमानाने किती वेळा?"

"तिरुपतीला गेलो होतो."

"विमानाने?"

"रेल्वेने. ते पण ज्येष्ठ नागरिकांची सवलत होती तेव्हा."

"गाडीने रोज किती किलोमीटर?"

"कामाला जायचो तेव्हा विरार-अंधेरी. पण ती गाडी माझ्या एकट्याची नव्हती."

एसी नाही, गाडी नाही, ऑनलाइन खरेदी नाही, मांसाहार आठवड्यातून दोनदा आणि तोही बाजारात बोंबील स्वस्त असतील तर. अ‍ॅपने जो आकडा काढला तो बघून सूनबाईला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं दाबलं. तिने सगळं पुसून पुन्हा भरलं. तोच आकडा. काकांनी चौतीस वर्षं विजेवरच्या गाडीतून प्रवास केलाय, हे त्या अ‍ॅपला कौतुकाने सांगता येत नव्हतं. बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेच्या तारा १९३६ साली आल्या. विजेच्या वाहनाचा प्रचार आज आमच्यापुढे करतात, तेव्हा विरारकराला हसू येतं ते यामुळे. आमचं इलेक्ट्रिक वाहन बारा डब्यांचं आहे आणि त्यात तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. माणशी वीज किती लागते हे काढायला बसलात तर स्वित्झर्लंड लाजेल. आता असा प्रवास कुणी आवडीने करत नाही, हे खरं. परवडत नाही म्हणून करतात. परवडायला लागलं की पहिली गोष्ट माणूस करतो ती म्हणजे मोटार घेऊन महामार्गावर वाहतुकीत अडकतो.

काका इथे १९९१ साली आले. गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं होती आणि मुंबईत खिशाला झेपेल असं छप्पर बोरिवलीपर्यंत कुठे उरलं नव्हतं. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या बरोबरीचे लोक हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली रस्त्यावर उतरले होते. वसईच्या वाड्या, विहिरी, बावखलं वाचवा, इथे सिमेंटचं जंगल उठवू नका, हे त्यांचं म्हणणं. काकांना ते मनापासून पटतं. अजूनही त्या आंदोलनाबद्दल ते आदराने बोलतात. फक्त ते सिमेंटचं जंगल म्हणजे आपली बिल्डिंग, ही गोष्ट आम्ही दोघं एकमेकांसमोर काढत नाही. काढून करायचं काय? हिरवी वसई हवीच होती आणि स्वस्त घरही हवंच होतं. घराचा हप्ता सुरू झाला, त्या दिवशी निकाल लागला.

काकूंचं माहेर आगाशीकडचं, वाडवळांचं. वाडी होती, केळी होती, नारळ-सुपारी होती आणि वाडीच्या कडेला बावखल होतं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, उन्हाळ्यात विहिरीला उतरायचं. पुढे ते भरणी घालून बुजवलं गेलं, त्यावर आता तीन मजली बंगला आहे आणि बंगल्याला टँकर येतो. काकू हे सांगताना सुस्कारा वगैरे टाकत नाहीत. "भाव चांगला आला होता," म्हणतात.

सूनबाईने गेल्या दिवाळीला सासू-सासऱ्यांना एक 'झिरो वेस्ट' संच दिला. किंमत १,४९९ रुपये, काकांनी खोक्यावर वाचून लगेच डायरीत टिपली. आत बांबूचे दोन टूथब्रश, स्टीलच्या चार नळ्या, त्या नळ्या धुवायला वेगळा ब्रश, कापडी पिशवी आणि अंग घासायला एक पिवळट, जाळीदार वस्तू. काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"अगं, हे तर घोसाळं!"

"हो आई, ऑरगॅनिक लूफा. सुटा घेतला तर एकशे नव्याण्णवला पडतो."

त्या क्षणी काकूंपेक्षा काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढच्या महिन्यात काकांच्या गॅलरीत दोन कुंड्यांतून घोसाळ्याचे वेल ग्रिलवर चढले. वेल सुताने बांधायला काका सकाळ-संध्याकाळ हजर. शेजारणीच्या कपड्यांच्या दोरीवर वेल गेला, भांडण झालं, समेट झाला, समेटाच्या वाटाघाटींत दोन कोवळी घोसाळी गेली. ती सोडून नऊ घोसाळी धरली. सहा भाजीत गेली, कारण काकूंना ताजी भाजी वाळवायचा विचारच सहन होईना. तीन वाळली. ती ठाण्याला गेली. सूनबाईच्या मैत्रिणींनी कौतुकाने घेतली आणि पैसे द्यायला विसरल्या. शेरा : नापास.

अशा वेळी एक मोह होतो. बघा, आपल्या आजीचं सगळं आधीपासून हिरवंच होतं, असं म्हणून मिश्या पिळायचा. बोहारणीला जुन्या साड्या देऊन पातेलं घ्यायचो, फाटक्या धोतराची गोधडी शिवायचो, रद्दी विकायचो, पत्रावळीवर जेवायचो. काका तर हे भाषण एक ऑक्टोबरला सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक दिनी करतात. गेल्या वर्षी ऐन रंगात आले असताना मागून काकूंचा आवाज आला, "अहो, राखेने भांडी कोण घासायचं ते पण सांगा."

भाषण तिथेच आवरलं. पण काकू घरी आल्या, त्यांनी काकांची डायरी घेतली आणि पहिल्यांदाच त्यात आपल्या अक्षरात नोंदी केल्या. पिशव्या शिवणे, दोन तास. वॉशिंग मशिनचं खळबळलेलं पाणी बादलीने उचलून लादी पुसायला नेणे, रोज पाऊण तास. ओला कचरा बारीक करून ड्रममध्ये कालवणे, रोज पंधरा मिनिटं. किंमत या रकान्यात प्रत्येक ठिकाणी प्रश्नचिन्ह. काकांनी ते पान वाचलं आणि दोन दिवस त्यांच्या घरून बेरजेचा आवाज आला नाही. मोलकरणीच्या दराने धरलं, तरी त्यांची निम्मी 'पास' पर्यावरणं नापास होत होती! तिसऱ्या दिवसापासून बादली काका उचलतात. डायरीत स्वतःच्या तासांचा रकाना मात्र त्यांनी घातलेला नाही. निवृत्त माणसाच्या वेळेला भाव नसतो, म्हणतात.

पिशव्यांचं सांगायला हवं. २३ जून २०१८ पासून महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी लागू झाली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड. पाच हजार हा आकडा ऐकून काकांनी त्याच रात्री कपाट उपसलं आणि ऑफिसच्या निवृत्त पँटी बाहेर काढल्या. काकूंनी एका पायाची एक अशा पिशव्या शिवल्या. कमरेकडच्या भागाची मात्र खास पिशवी झाली : वर पट्ट्याच्या लुप्या, समोर अजून चालणारी झिप, आणि मागचा खिसा जसाच्या तसा. काका अजून तीच घेऊन बाजारात जातात. भाजी वरून टाकतात, सुटे पैसे मागच्या खिशातून काढतात. सकाळी वाड्यांवरून टोपल्या घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये ती पिशवी इतकी प्रसिद्ध आहे, की एकीने वांगी घालता घालता विचारलं, "काका, आज झिप लावली नाही ती?" त्या बायकांची भाजी पहाटे खुडलेली, दोन-चार किलोमीटरवरची. हीच भाजी स्टेशनजवळच्या काचेच्या दुकानात पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, वर हिरवी चिठ्ठी लावून दुपटीने मिळते. दुकानात कुणी घासाघीस करत नाही. टोपलीवालीशी दोन रुपयांसाठी करतात. काकाही करतात, मी खोटं कशाला सांगू?

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात गेलं. नालासोपाऱ्याला रूळ बुडाले, लोकल अडकल्या, वीज कित्येक ठिकाणी दिवस-दिवस आली नाही. आम्ही मेणबत्त्या शोधत होतो. काकांनी त्या महिन्याचं बिल 'आदर्श' असं लिहून डायरीला टाचून ठेवलं आहे.

एका बाबतीत मात्र चोवीस महिने लागू नाहीत. गणपती. काका दरवर्षी शाडूची मूर्ती आणतात. प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा महाग, वजनाला जड, शेअर रिक्षात मांडीवर धरून आणताना कान सांभाळायचे. मी डायरीत पाहिलं, किंमत लिहिलेली, पुढचे रकाने मोकळे. "वसूल कधी?" मी विचारलं. काका म्हणाले, "काहीतरीच काय! ही श्रद्धा आहे." श्रद्धेचं पान वेगळं, एवढं त्यांनी मला शिकवलं. ते पुढे त्यांच्याच कामी आलं.

कारण मग सूर्य आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना निघाली. गच्चीवर तीन किलोवॉट बसवा, ७८,००० रुपये अनुदान. काका आनंदाने वेडे व्हायचे बाकी होते. पण योजनेत घर हवं आणि घरावर छप्पर हवं. काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या छपरावर तिसऱ्या मजल्यावरचे लोक राहतात. मग त्यांनी बारीक अक्षरातली कलमं वाचली. सोसायटीच्या सामायिक मीटरसाठीसुद्धा अनुदान आहे, किलोवॉटला १८,००० रुपये. पाण्याचा पंप, जिन्याचे दिवे. आमचा पंप म्हणजे आमचा खरा कुलस्वामी. सूर्या धरणाचं पाणी यायचं तेव्हा येतं, नाहीतर टँकर. दोन्ही प्रकारचं पाणी खालच्या टाकीतून वर चढवायला पंप लागतोच.

काकांनी पाच किलोवॉटचं कोटेशन आणलं. तीन लाख. अनुदान नव्वद हजार. उरले दोन लाख दहा हजार. अठ्ठावीस फ्लॅट, प्रत्येकी साडेसात हजार. किलोवॉटला रोज चार युनिट, म्हणजे महिन्याला सहाशे युनिट, म्हणजे सहा हजार रुपये. नेट मीटर लावला की दुपारची वीज महावितरणच्या तारेत जाते आणि रात्रीच्या युनिटांतून वजा होते. वसुली पस्तीस महिन्यांत. डायरीप्रमाणे नापास! काका दोन रात्री झोपले नाहीत, हॉलमध्ये नवा पंखा असून. तिसऱ्या दिवशी त्यांनी घटनादुरुस्ती केली : सोसायटीला दाढा नसतात, सबब तिला छत्तीस महिने चालतील.

वार्षिक सभा पार्किंगमध्ये भरली. काकांनी आकडे वाचले, प्रती वाटल्या, त्याही पाठकोऱ्या कागदावर. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, गच्चीला भोकं पाडली तर गळती माझ्याच डोक्यावर. तळमजल्याचे दुकानदार म्हणाले, आम्हाला ना जिना ना वरची टाकी. फ्लॅट भाड्याने देऊन मीरा रोडला राहणारे म्हणाले, "वीज वाचणार भाडेकरूची आणि साडेसात हजार माझे?" एक जण म्हणाला, रिडेव्हलपमेंट आलं तर पॅनल बिल्डर नेणार की आपण? रिडेव्हलपमेंटचं नाव निघाल्यावर सभा अर्धा तास सूर्य विसरली. कन्व्हेयन्स झालेलं नाही, हे दर वर्षीप्रमाणे सगळ्यांना पुन्हा कळलं. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "काका, खरं सांगा, वसूल कधी?"

"पस्तीस महिन्यांनी."

"अरे बापरे!" असा एकमुखी उद्गार निघाला आणि विषय पुढल्या सभेवर गेला.

लगेच पुढचा विषय आला. नवं गेट. स्टेनलेस स्टीलचं, वर सोसायटीचं नाव सोनेरी अक्षरात, दोन बाजूंना गोल दिवे. एक लाख पंच्याऐंशी हजार. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, चौथ्या मजल्याने टाळ्या वाजवल्या. मीरा रोडनेसुद्धा हात वर केला. काका उभे राहिले. आवाज किंचित कापत होता.

"हे वसूल कधी?"

सभा खळखळून हसली. अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "काका, शोभेला वसुली नसते."

काका खाली बसले. मला वाटलं दुखावले. तेवढ्यात त्यांनी डायरी उघडली, काहीतरी खरडलं आणि पुन्हा उभे राहिले. अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचा विषय : गच्चीचे सुशोभीकरण. निळ्या काचेच्या चकचकीत तावदानांची रांग, दक्षिणेकडे उतरती, लोकलमधून जाणाऱ्या माणसालाही दिसेल अशी. शेजारच्या सोसायटीकडे नाही. प्रत्येकी साडेसात हजार.

चौथ्या मजल्याने विचारलं, "शेजारच्यांकडे खरंच नाही?"

"मी गच्चीवर जाऊन बघून आलोय."

मीरा रोडने विचारलं, निळ्याऐवजी काळा मिळतो का, फोटोत उठून दिसतो.